पाटीवरची चादर

आमच्या घरात माझ्या भीतीची थट्टा चहासोबत चालते. गॅस बंद केला की नाही ते पाहायला मी फाटकातून परत आत येते. लिफ्टमध्ये आधी एक पाय ठेवून बघते, मग दुसरा. आणि पाणी म्हटलं की माझ्या पोटात गोळाच येतो. मला पोहता येत नाही, शिकायची इच्छाही नाही. नवरा म्हणतो, "तू तं बादलीतबी बुडशील वं." सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. ते एवढं लागेलसं बोलत नाहीत, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस" एवढंच म्हणतात आणि पेपरचं पान उलटतात. मी कुणाचं मनावर घेत नाही. घरात एकानं तरी भ्यायला पाहिजे, असं माझं मत होतं आणि आहे.

पण मुलीचं बोलणं मी मनावर घेतलं, आणि तिथंच चुकले.

ती नऊ वर्षांची. उन्हाळ्यात तिच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला आम्ही शहरातल्या एका तलावावर नावेत बसायला गेलो होतो. नाववाल्यानं पोरींच्या गळ्यात जॅकेटं अडकवली आणि मी एकेकीचं बक्कल ओढून पाहिलं. दोन तुटकी निघाली. ती बदलून मिळेपर्यंत मी नाव सोडू दिली नाही, वर एका खेपेला किती माणसं बसवता तेही विचारलं. मागे रांग कुरकुरायला लागली. मैत्रिणी खिदळत होत्या आणि माझी मुलगी मान खाली घालून बसली होती. घरी येऊन ती खूप रडली. "आई, तू सगळ्यांसमोर माझी इज्जत काढली." मी बरोबर होते हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण पोटचं पोर आपल्यामुळे रडत असेल तर बरोबर असून करायचं काय?

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत धरणावर रोडग्यांची पार्टी ठरली तेव्हा तिनं आदल्या दिवशी माझ्याकडून वचन घेतलं. "एक दिवस, आई. फक्त एक. 'नको' म्हणायचं नाही, 'सांभाळ' म्हणायचं नाही, 'अगं' पण म्हणायचं नाही. प्रॉमिस?" मी हसून हो म्हटलं. एका दिवसानं काय होतंय, असं वाटलं.

रोडगे हा आमच्या विदर्भाचा हिवाळी सण म्हणा ना. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचे, तासभर भाजू द्यायचे, मग राख झटकून, फोडून, वर तुपाची धार आणि सोबत वांग्याची भाजी. घरच्या गॅसवर त्याला चव येत नाही. त्यासाठी शेत लागतं, नाहीतर नदी. आणि मामाजींना नदीच लागते.

मामाजींबद्दल थोडं सांगायला हवं. ते बत्तीस वर्षं एका वीज केंद्रात होते. राहायला तिथल्याच कॉलनीत. तिथं सगळं आयुष्य भोंग्यावर चालायचं. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर शिफ्ट बदलायची, बाराचा भोंगा झाला की जेवायचं. निवृत्त होऊन आमच्याकडे शहराच्या कडेला, बेस्याला आले त्याला सहा वर्षं झाली. इथं कुठला भोंगा ऐकू येत नाही, पण ठोक बाराला ते ताटावर येऊन बसतात आणि म्हणतात, "भोंगा झाला." सुट्टीच्या दिवशी मुलगी मग दोन्ही हात तोंडाशी धरून "भोंऽऽ" करते. तिचा हा आवाज आल्याशिवाय आमच्याकडे पहिला घास कुणी उचलत नसे.

आम्ही चौघंच निघालो. आडवार होता, शनिवार-रविवार नव्हे, त्यामुळे धरणावर दुसरं कुणी नव्हतं. धरणाचं नाव मी लिहीत नाही, कारण दोष धरणाचा नव्हता. वरच्या बाजूला पाणी काठोकाठ भरलेलं, बसायला सावली नाही. म्हणून लोक भिंतीच्या खालच्या अंगाला, नदीच्या पात्रात उतरतात. आम्हीही उतरलो. पात्र जवळजवळ कोरडं होतं. सपाट खडक, मधून घोट्याएवढी धार, चार-पाच उड्यांत पलीकडे. पलीकडे एक उंच खडक, त्याच्याशी छोटा डोह, आणि मागे झुडपांचा उभा काठ. आभाळ स्वच्छ निळं. मामाजी म्हणाले, "पाहून घे वं, ढगाचा पत्ता नाही. आज तं तुलेबी भेव वाटाले नाही पाहिजे."

अलीकडच्या काठावर, पात्राच्या जरा वर, एक करंजाचं झाड होतं आणि त्याच्यापासून सातेक हातांवर लोखंडी खांबावर एक पाटी. मी धरमपेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासते. दिवसभर लग्नपत्रिका, बिलबुकं आणि जाहिराती वाचून मला अशी सवय लागली आहे की अक्षर दिसलं की ते वाचल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पाटी गंजलेली होती. वरची ओळ नीट होती: सावधान, धरणातून केव्हाही पाणी सोडण्यात येईल. खालच्या ओळीचा रंग उडाला होता. तिच्यातला 'भोंगा' एवढा एकच शब्द लागत होता.

हे सांगायला मी वळले तर मुलगी माझ्याकडेच बघत होती. मी काय वाचते आहे ते तिनं ओळखलं असणार, कारण तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि डोळे मोठे केले. प्रॉमिस.

मी गप्प बसले.

तेवढ्यात नवरा सावलीसाठी चादर घेऊन आला. एक टोक त्यानं करंजाला बांधलं आणि दुसरं त्या खांबाला. पाटी चादरीच्या आड गेली. खरं सांगते, मला बरंच वाटलं. दिसतच नाही तर वाचायचं काय!

गोवऱ्या पेटल्या. मामाजींनी रोडगे निखाऱ्यात पुरले, नवरा भाजीला बसला, मुलगी पाण्यात पाय घालून खडे गोळा करत राहिली. मी बोलत नव्हते, पण भीत होतेच. गुपचूप भिण्यासाठी मी एक दगड धरून ठेवला होता. धारेच्या कडेला, मधोमध पांढरी रेघ असलेला. पाणी रेघेच्या खाली होतं, रेघ कोरडी होती. दर दोन मिनिटांनी मी त्याच्याकडे नजर टाकत होते आणि कांदा चिरत होते.

रोडगे बाहेर काढायला घेतले आणि भोंगा झाला. लांबलचक, भिंतीच्या दिशेनं. हातातला चिमटा तसाच धरून मामाजींनी घड्याळ पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बाराले पाच कमी. पाच मिनिटं आंगोदर वाजवला, पण चालते. पानं घ्या रे, जेवाची सुट्टी झाली!"

मुलीनं पाण्यातूनच "भोंऽऽ" केलं. नवरा हसला. मला पाटीवरचा तो एकटा शब्द आठवला. "मामाजी, हा भोंगा कशाचा असेल?" मी जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"अवं, जेवाचा. बत्तीस वर्षं ऐकला मी. धरणावर काय माणसं नाहीत, त्याइले भूक नाही लागत?"

बत्तीस वर्षांपुढं मी काय बोलणार? मला उत्तर हवं होतं, ते मिळालं. मी ते पटकन पदरात घेतलं.

आमच्याकडे नदीवर रोडगे केले की पहिला पाण्याला देतात. मामाजींनी पहिला रोडगा फोडला, त्यात तूप-गूळ घातला आणि नातीच्या हातावर ठेवला. "जा बाई, डोहात सोडून ये. पाया पडजो." ती उड्या मारत निघाली. दगडावरून दगडावर, एक, दोन, तीन, चार, आणि पलीकडच्या उंच खडकावर. मला "अगं" म्हणायचं होतं. ते मी गिळलं आणि सवयीनं माझ्या दगडाकडे पाहिलं.

पांढरी रेघ ओली होती.

मी उभी राहिले. मला आधी वाटलं, मुलीच्या पायानं पाणी उडालं असेल. मग रेघ दिसेनाशी झाली. धारेत काड्या आल्या, पळसाची वाळकी पानं आली, मळका फेस आला. आतापर्यंत तळ दिसत होता, तो दिसेना. आवाज फारसा नव्हता. हेच मला अजून भेडसावतं. एवढं पाणी येत होतं आणि आवाज नव्हता.

"ये गं, लवकर ये!" मी ओरडले.

ती वळून हसली. दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाली, "आई! प्रॉमिस केलं होतं ना!"

आणि दुसरा भोंगा झाला.

मामाजींच्या हातातला रोडगा खाली पडला. ते फार हळू बोलले, पण मला शब्द न् शब्द ऐकू आला. "जेवाचा भोंगा एकदाच होते." मग ते कधी ओरडले नव्हते इतक्या जोरात ओरडले, "पाणी सुटलं! पाणी सोडलं त्याइनं!"

आता तिलाही कळलं. ज्या दगडांवरून ती गेली होती त्यातले दोन बुडाले होते. तिचा चेहरा एकदम लहान झाला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि एक पाय खाली, उरलेल्या दगडावर टाकला. माझे हात तिच्यासाठी आपोआप पुढे झाले होते. नवरा चपला फेकून पाण्याकडे धावला. मामाजींनी त्याचा शर्ट मागून मुठीत धरला. साठी उलटलेला माणूस, गुडघे गेलेले, पण त्यांनी सोडला नाही.

"उतरू नको गा! तुले पाहून पोरगी येईन पाण्यात, अन् दोघंबी जासान!" मग माझ्याकडे वळून, "अवं, हात खाली कर! तिले बलावू नको! वर जाऊ दे तिले, तिकडच्या काठानं वर!"

मी हात खाली केले. आयुष्यात एवढं जड काही मी खाली ठेवलेलं नाही. आमच्या घरात निघताना कुणी 'जाते' म्हटलं तरी मी दटावते, 'येते' म्हण म्हणून. आणि मी माझ्या मुलीला ओरडून सांगत होते, "जा! वर जा! माझ्याकडे येऊ नको!"

ती थांबली. तिला वाटलं असेल, आई चुकून बोलली.

"येऊ नको! मागं फिर! जा म्हणते ना!" मी खाली वाकून दगड उचलला. हो, मी माझ्या मुलीवर दगड उगारला. तेव्हा ती घाबरून मागे सरली, खडकावर चढली, तिथून काठाला भिडली. झुडपं धरत चढताना तिचा पाय एकदा घसरला, आणि त्या क्षणी मला जे झालं ते मला लिहिता येत नाही. वरच्या बाजूनं एक बाई गवताचा भारा टाकून धावत आली. तिनं पालथं पडून हात खाली सोडला आणि मुलीचं मनगट धरलं.

आम्ही आमच्या काठावर कसे चढलो ते मला आठवत नाही. मागे वळून पाहिलं तेव्हा चूल नव्हती, भाजीचं पातेलं गरगरत मधोमध चाललं होतं. ती ज्या खडकावर उभी होती तोही पाण्याखाली गेला होता. आता मात्र आवाज होता. एवढा की मी तिला हाक मारली ती मलाच ऐकू आली नाही.

पलीकडे जायचं तर खालच्या पुलावरून मोठा वळसा होता. नवरा गाडी घेऊन निघाला. मीही निघणार होते, तर मामाजी म्हणाले, "तू अथीच उभी राह्य. पोरीले माय दिसली पाहिजे." म्हणून मी उभी राहिले. तासाभरापेक्षा जास्त. ती त्या बाईला चिकटून बसली होती, मी इकडे उन्हात. मध्ये ते पाणी. मी हात हलवायची, ती हलवायची. थोड्या वेळानं तिनं हलवायचं बंद केलं आणि मी नुसती धास्तावले. एवढ्या लांबून तिचा चेहरा दिसत नव्हता. ती रडतेय का, थरथरतेय का, तिला कुठं लागलंय का, काही कळत नव्हतं. आणि डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मी वाचलं होतं. मी वाचलं होतं.

नवऱ्यानं तिला उचललेलं दिसलं तेव्हा कुठं मी उन्हातून सरले.

मामाजी चादर सोडायला गेले. खांबाची गाठ सुटली, चादर खाली आली आणि ते पाटीसमोर तसेच उभे राहिले. बोट ठेवत ठेवत त्यांनी वरची ओळ मोठ्यानं वाचली. "पाटी होती वं इथं," ते म्हणाले. "आपल्या डोक्यावरच होती." मी खाली पडलेल्या चादरीची घडी घालत राहिले.

गाडी परत आली तेव्हा मुलीच्या मुठीत अर्धा रोडगा होता. चढतानाही तिनं तो सोडला नव्हता. अर्धा तिनं त्या बाईला दिला होता. "आबाजी, पाण्याला नाही दिला मी," ती म्हणाली, जणू तिचीच चूक झाली. मामाजींनी तिचं डोकं छातीशी धरलं. "बरं केलं बाई. पाण्याले काई देऊ नये." आणि ते रडायला लागले.

त्यानंतर आमच्या घरात बाराचा भोंगा बंद झाला. मामाजी आपल्या खोलीत बसून राहायचे, दोनदा बोलावलं की यायचे. मुलगीही आवाज काढेना. घरी कुणी आलं की मामाजी स्वतःहून विषय काढायचे. "माह्यानं झालं. बत्तीस वर्षं भोंगा ऐकला अन् ओळखता नाही आला. नातीले मीच धाडलं पाण्यात." लोक त्यांची समजूत घालायचे. मी चहा आणून ठेवायची आणि आत निघून जायची. दोष त्यांच्या नावावर पडतोय तोवर माझा कुणी विचारत नाही, याचं मला बरं वाटायचं, हेही लिहून टाकते. भित्री म्हणून थट्टा सोसायला मी तयार होते. पण भित्री असूनही गप्प बसले, हे सांगायची मला त्या पाण्याइतकीच भीती वाटत होती.

महिना होत आला. एका रविवारी आम्ही चौघं जेवत होतो. मामाजींनी दोन घास खाल्ले आणि हात थांबवला. "एकच गोष्ट मनातून जात नाही पाह्य," ते म्हणाले. "आपण चौघं होतो. पाटी होती. एकानं जरी वाचली असती..."

भाताचं शीत मिशीला लागलं होतं. मला ते बघवेना.

"मी वाचली होती, मामाजी," मी म्हटलं. "चादर बांधायच्या आधी. लागत होती तेवढी सगळी वाचली होती."

नवऱ्यानं हातातला घास ताटात ठेवला. मामाजी माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही, न समजल्यासारखे.

"मंग बोलली काहून नाही वं?"

मी तोंड उघडलं. पण उत्तर माझ्या शेजारून आलं.

"मीच तिला बोलू नको म्हटलं होतं," मुलगी म्हणाली. "मी ओठांवर बोट ठेवलं होतं. आबाजी, तुमच्यामुळे नाही झालं ते. माझ्यामुळे झालं."

ती रडली नाही, अडखळली नाही. शाळेत विचारलेल्या प्रश्नाचं पाठ उत्तर द्यावं तसं बोलली, आणि पोळीचा तुकडा मोडत राहिली. तेव्हा मला कळलं की हे वाक्य तिच्याजवळ कधीपासून तयार होतं. मी रोज सकाळी तिची वेणी घालत होते, डबा भरत होते, फाटकापाशी 'येते म्हण' म्हणत होते, आणि ती महिनाभर हे एकटीच घेऊन शाळेत जात होती.